सन्नती : देवीच्या पीठाखालची अक्षरे

भीमा ही आपल्या ओळखीची नदी. भीमाशंकराच्या डोंगरात ती उगम पावते, पंढरपुरास चंद्रभागा होते, आणि महाराष्ट्राची सीमा ओलांडल्यावर गाणगापुरास अमरजेला पोटात घेते. दत्तभक्तांची यात्रा बहुधा येथेच संपते. संगमावर स्नान झाले, निर्गुण मठात पादुकांचे दर्शन झाले, माधुकरी झाली, की यात्रेकरू परतीच्या वाटेला लागतो. नदी मात्र पुढे जाते. कलबुर्गी जिल्ह्याच्या काळ्या रानांतून वळणे घेत ती रायचूरच्या बाजूस कृष्णेला मिळण्यासाठी निघते. गाणगापूर आणि तो कृष्णासंगम यांच्या दरम्यान, चित्तापूर तालुक्यात, भीमेच्या काठी सन्नती नावाचे एक लहानसे खेडे आहे. त्या खेड्याची ओळख करून देण्यासाठी हा लेख आहे.

कलबुर्गी शहरापासून सन्नती ६०-७० किलोमीटरांवर आहे. आगगाडीने येणाऱ्यास वाडी-रायचूर मार्गावरील नालवार हे स्थानक सोयीचे. मुंबईहून मद्रासेस जाणारा लोहमार्ग १८७१ साली रायचुरास पोहोचला. तेव्हापासून कित्येक पिढ्यांचे मराठी प्रवासी या गावाच्या इतक्या जवळून गेले, पण खिडकीबाहेर दिसणाऱ्या या सपाट रानात पाहण्यासारखे काही असेल, अशी शंका फारच थोड्यांना आली असेल. मुलूख दिसायला साधा आहे. काळी जमीन, ज्वारी, आणि या जिल्ह्याने देशभर नाव मिळविलेली तूर. येथील तूरडाळीस २०१९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. जमिनीखाली चुनखडीचा दगड थरांनी पसरलेला आहे. आपल्या जुन्या वाड्यांच्या स्वयंपाकघरात, माजघरात आणि न्हाणीघरात जी शहाबादी फरशी असे, ती याच पट्ट्यातली. म्हणजे सन्नतीस न जाताही आपल्यापैकी पुष्कळांचे पाय त्या भूमीला लहानपणापासून लागलेले आहेत.

राजकीय नकाशावर हा प्रदेश अनेकदा इकडून तिकडे गेला. १९४८ पर्यंत तो निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली, तेव्हा मराठवाड्याचे जिल्हे मुंबई राज्यात आले आणि बीदर, गुलबर्गा, रायचूर हे कन्नडबहुल जिल्हे म्हैसूर राज्यात गेले. पुढे १९७३ साली म्हैसूरचे कर्नाटक झाले आणि २०१४ साली गुलबर्ग्याचे कलबुर्गी. पण येथील माणसाच्या तोंडी कन्नड, मराठी, उर्दू आणि तेलुगू यांची सरमिसळ आजही ऐकू येते, आणि देवाच्या दारी तर ती विशेषच ऐकू येते.

सन्नतीची देवी चंद्रला परमेश्वरी. तिलाच चंद्रलांबा असेही म्हणतात. कर्नाटक, महाराष्ट्र, तेलंगण आणि आंध्र या चारही प्रांतांत विखुरलेल्या कित्येक घराण्यांचे हे कुलदैवत आहे. लग्नकार्य झाले की नवे जोडपे ओटी भरण्यास येते, नवरात्रात कुटुंबे कुलाचारासाठी येतात. पुष्कळांना आपले पूर्वज कोणत्या गावचे हे सांगता येत नाही, पण कुलदेवी सन्नतीची, एवढे मात्र पक्के ठाऊक असते.

स्थलपुराण असे सांगतात की, नारायण नावाच्या एका तपस्व्याची पत्नी चंद्रवदना हिला सेतू नावाच्या राजाने बळाने नेले. तपस्व्याने हिंगुलांबिकेची आराधना केली. ही हिंगुलांबिका म्हणजे बलुचिस्तानात हिंगोल नदीच्या काठी असलेली हिंगळाजदेवी. देवी प्रसन्न झाली आणि त्याच्या मागोमाग निघाली. ‘मागे वळून पाहायचे नाही,’ एवढीच तिची अट होती. कागिणा आणि भीमा यांच्या संगमाजवळ होनगुंट येथे पैंजणांचा आवाज थांबला, तपस्व्याने मागे पाहिले, आणि देवी तेथेच राहिली. तरीही तिने भक्तास रिकाम्या हाती पाठविले नाही. पुढे सन्नतीस तिने भुंग्यांचे रूप घेऊन त्या राजाचा नाश केला. कथेच्या तपशिलांत सांगणाऱ्यागणिक थोडाफार फरक पडतो. भ्रमररूप घेणाऱ्या भ्रामरी देवीचा उल्लेख सप्तशतीच्या अकराव्या अध्यायात आहे, हे पाठ करणाऱ्या वाचकांस सांगावयास नकोच.

आता या देवळात जे घडले ते सांगतो. चंद्रलेच्या आवारातच महाकालीचे एक देऊळ होते. १९८६ साली त्याचे छत कोसळले आणि त्याखाली मूर्ती भंगली. भाविकांच्या दृष्टीने हा मोठाच उत्पात होता. पडझडीनंतर मूर्तीच्या पीठाची जी शिळा उघडी पडली, तिच्यावर अक्षरे होती. देवळातील शिलालेख म्हणजे कोणा चालुक्य किंवा यादव राजाचे दानपत्र, असे आपण सहसा धरून चालतो. पण ही लिपी त्याहून फार जुनी, ब्राह्मी होती, आणि भाषा प्राकृत. १९८९ साली जाणकारांनी ती वाचली तेव्हा निश्चित झाले की, ही सम्राट अशोकाची धर्माज्ञा आहे. म्हणजे ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातील, सुमारे सव्वादोन हजार वर्षांपूर्वीची.

शिळेच्या दोन्ही बाजूंवर लेख आहेत. एका बाजूस अशोकाच्या चौदा शिलाज्ञांपैकी बारावी आणि चौदावी, दुसऱ्या बाजूस कलिंगात सापडलेल्या दोन स्वतंत्र आज्ञा. मूर्तीचा खालचा खुंट बसावा म्हणून शिळेच्या मधोमध चौकोनी खाच पाडलेली आहे, आणि त्या खाचेत पुष्कळ अक्षरे कायमची गेली आहेत. ही शिळा एका मालिकेतली असली पाहिजे, कारण बारावीच्या आधी अकरा आज्ञा होत्या. त्या मालिकेतील बाकीच्या शिळा मात्र सापडलेल्या नाहीत.

मूर्तीच्या भाराखाली जी आज्ञा दडली होती, तिचा आशय ध्यानात घेण्याजोगा आहे. बाराव्या आज्ञेचा विषय आहे पंथापंथांतील सलोखा. राजा म्हणतो की, दानापेक्षा आणि पूजेपेक्षा सर्व पंथांतील साराची वाढ व्हावी हे त्याला अधिक मोलाचे वाटते. या वाढीचे मूळ म्हणजे वाणीचा संयम. प्रसंग नसता आपल्याच पंथाची थोरवी गाऊ नये, दुसऱ्याच्या पंथाची निंदा करू नये. जो असे करतो तो आपल्याच पंथाचे अधिक नुकसान करतो. लोकांनी एकत्र यावे आणि एकमेकांचा धर्म ऐकून घ्यावा. चौदावी आज्ञा त्या मानाने घरगुती म्हणावी अशी आहे. हे लेख कोठे संक्षेपाने, कोठे मध्यम, कोठे विस्ताराने लिहविले आहेत, काही गोष्टी त्यांच्या माधुर्यामुळे पुन्हा पुन्हा सांगितल्या आहेत, आणि कोठे काही अपुरे राहिले असेल तर तो लेखनिकाचाही दोष असू शकेल, अशी कबुली तीत आहे. आपल्या लेखात चूक राहिली असेल असे दगडावर कोरून ठेवणारा राज्यकर्ता इतिहासात विरळाच.

दुसऱ्या बाजूच्या दोन आज्ञा ओडिशातील धौली व जौगड येथील प्रतींवरून आधीपासून ज्ञात होत्या. त्या अधिकाऱ्यांस उद्देशून आहेत. सर्व माणसे माझी अपत्ये आहेत, हे प्रसिद्ध वचन त्यांतलेच. त्यांपैकी एकीत सरहद्दीवरच्या, न जिंकलेल्या लोकांविषयी सांगितले आहे. त्यांनी आपल्याला भिऊ नये, आपल्याकडून त्यांना दुःख नव्हे तर सुखच मिळेल असा विश्वास त्यांना वाटावा, अशी राजाची इच्छा आहे. तिष्य नक्षत्राच्या दिवशी ही आज्ञा लोकांना वाचून दाखवावी असेही बजावले आहे. कलिंगात या स्वतंत्र आज्ञा आहेत, पण तेथे बारावी नाही. सन्नतीस दोन्ही एकत्र आल्या. सीमेवरच्या माणसाशी कसे वागावे आणि दुसऱ्या पंथाच्या माणसाशी कसे बोलावे, या दोन गोष्टी एकाच दगडाच्या दोन अंगांवर येथे मिळतात. आज तीन-चार भाषांच्या सीमेवर वसलेल्या गावात हे सापडावे, यात योगायोग असेल, पण तो विचार करावयास लावणारा आहे.

एवढ्या महत्त्वाची आज्ञा अशा आडगावी का कोरली गेली, हा प्रश्न वाचकाच्या मनात येईल. त्याचे उत्तर असे की, त्या काळी हे आडगाव नव्हते. सन्नती परिसरातील पुरावशेषांकडे १९५० च्या दशकातच कपटराळ कृष्णराव यांच्यासारख्या संशोधकांनी लक्ष वेधले होते. गावाजवळ रणमंडल नावाची तटबंदीची जुनी जागा आहे. नाव ऐकले की लढाईची आठवण होते, पण उत्खननात तेथे प्राचीन वस्तीच्या खुणा मिळाल्या. नदीकाठी एक मोठे नांदते नगर होते, आणि त्याचा बराच भाग अजून शेतांखालीच आहे.

सन्नतीपासून सुमारे ३ किलोमीटरांवर कनगनहळ्ळी आहे. तेथे १९९४ पासून पुढची काही वर्षे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने उत्खनन केले, तेव्हा एक भव्य बौद्ध स्तूप ढासळलेल्या स्थितीत मिळाला. लेखांत त्याचे नाव ‘अधोलोक महाचैत्य’ असे येते. त्याच चुनखडीच्या दगडाचे मोठमोठे कोरीव फलक एकावर एक पडलेले होते. त्यांपैकी एका फलकावर राजा, राणी आणि छत्र-चामरे धरलेल्या दासी आहेत, आणि वर ब्राह्मी अक्षरांत ‘राजा अशोक’ अशा अर्थाचे प्राकृत शब्द आहेत. अशोकाचे नाव कोरलेली अशी त्याची प्रतिमा येथे सापडल्याने हे स्थान देशोदेशीच्या अभ्यासकांस परिचित झाले.

मराठी वाचकाला त्याहूनही जवळचे वाटावे असे दुसरे काही तेथे आहे. पैठणच्या सातवाहन राजांचे फलक कनगनहळ्ळीस आहेत, आणि त्यांवर त्यांची नावे आहेत. एका फलकावर सातकर्णी राजा महाचैत्यास रुप्याची कमळे अर्पण करीत आहे. दुसऱ्यावर पुळुमावीचे नाव आहे, आणि त्यात उज्जयिनी दिल्याचा उल्लेख आहे. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहन कुळातील व्यक्तींच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या. आज तेथे त्यांची नावे आणि पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. नाणेघाटात जे नाहीसे झाले ते पाहावयाचे तर भीमेच्या काठाने खाली कनगनहळ्ळीस जावे लागते. त्या लेखांची भाषा मराठी नाही आणि कन्नडही नाही. ती प्राकृत आहे, मराठी आणि कोंकणी या दोन्ही बहिणींच्या पूर्वजांपैकी एक. सीमेच्या कोणत्या बाजूचा हा वारसा, हा वाद या दगडांपुढे उभा राहत नाही.

मग ही शिळा देवीच्या पीठाखाली गेली कशी? काही जण यात धर्मद्वेष पाहतात, काही जण उलट अंगाने शिळेचे महत्त्वच नाकारू पाहतात. दोन्ही बाजूंनी घाई होते असे मला वाटते. ज्यांनी ते देऊळ बांधले त्यांच्या काळी ब्राह्मी वाचणारा माणूस या देशात उरलेला नव्हता. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने अशोकाचे स्तंभ दिल्लीस आणविले, तेव्हा त्यांवरील अक्षरे कोणालाही लागली नव्हती. ती लिपी १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने उलगडली. देवळाच्या पाथरवटापुढे होती ती एक मोठी, घडीव, सपाट शिळा, मूर्तीचे ओझे सहज पेलणारी. आपल्या गावोगावी वीरगळ पायऱ्यांत बसविलेले आपण पाहतो. अलिबागजवळच्या अक्षीचा जुना मराठी शिलालेख वर्षानुवर्षे रस्त्याच्या कडेलाच उभा होता. लोकांनी जे केले ते अजाणतेपणी केले. आणि हेही म्हणावे लागेल की, खाच पाडून त्यांनी अक्षरे घालविली खरी, पण देवीच्या पायाखाली घेऊन उरलेली अक्षरे राखलीही. उघड्यावर राहिलेल्या इतर शिळांचा पत्ता नाही. पूजेत गेलेली एक शिल्लक राहिली.

या ठिकाणी गोमंतकाची आठवण होणे साहजिक आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात देवळे पाडली जाऊ लागली, तेव्हा कुशस्थळीचा मंगेश १५६० साली प्रियोळास गेला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली. तेथे देवांनी गावे सोडली, भक्त मात्र देवांमागे गेले. सन्नतीस उलटे झाले. नगर गेले, राजे गेले, भिक्षू गेले, आणि एक देवी त्या जागी राहिली. तिच्यामुळे लोक येत राहिले, आणि लोक येत राहिले म्हणूनच देऊळ पडल्यावर त्याची विचारपूस झाली. कुलदैवत हे केवळ नवसाचे स्थान नसते, एखाद्या भूमीची स्मृतीही ते सांभाळते.

आता त्या भूमीसंबंधी थोडे व्यवहाराचे बोलणे आवश्यक आहे. भीमेवर सन्नतीजवळ बंधारा झाला आहे. पाणी आणि रस्ता आला की कोणत्याही गावी जमिनीचे भाव चढू लागतात. त्यातच २०२० साली कर्नाटकाने जमीन सुधारणा कायद्यात दुरुस्ती करून, शेतकरी नसलेल्यांनी शेतजमीन घेण्यावर असलेली बंधने उठविली. तेव्हा, आपल्या कुलदेवीच्या गावी दोन गुंठे जागा घ्यावी, एखादे घर किंवा धर्मशाळा बांधावी, असा विचार परगावच्या भक्तांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्यात गैर काही नाही. पण सन्नतीची जमीन इतर जमिनीसारखी नाही. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार, राष्ट्रीय संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरांपर्यंत नवीन बांधकामास बंदी आहे, आणि त्यापुढील २०० मीटरांत परवानगीवाचून काही करता येत नाही. जागा पाहावयास जाणाऱ्याने सातबाऱ्यासारखा तिकडचा उतारा पाहण्याआधी, आपण संरक्षित क्षेत्रापासून किती दूर आहोत हे पाहावे.

कायदा जेथे संपतो तेथे विवेकाचे काम सुरू होते. तीनशे मीटरांच्या पलीकडेही नांगराच्या फाळाला खापरे लागतात, विटा लागतात. तेथे पाया खोदताना कोरीव दगड लागला तर तो फोडून भरावात टाकायचा, की काम थांबवून तहसील कचेरीस आणि पुरातत्त्व खात्यास कळवायचे, हे जागा घेणाऱ्यानेच ठरवावयाचे असते. तसाच प्रश्न जीर्णोद्धाराचा आहे. आपल्या देवस्थानांत हल्ली देणग्या भरपूर येतात. मग जुने दगड काढून चकचकीत फरशा बसतात, खांबांना तैलरंग लागतो, गाभाऱ्यात संगमरवर येतो. भक्ती खरी असते, यात शंका नाही. पण दोन हजार वर्षांत सन्नतीच्या त्या शिळेवर दोनदा घाव पडले. पहिला अक्षरे कोरणाऱ्याचा आणि दुसरा खाच पाडणाऱ्याचा. दुसऱ्याला वाचता येत नव्हते. आपल्याला येते, आणि म्हणून त्याला जी सवलत आहे ती आपल्याला नाही.

कनगनहळ्ळीचे फलकही बरीच वर्षे उघड्यावर ऊनपावसात मांडलेले होते. अलीकडे पुरातत्त्व खात्याने त्यांच्या जतनाचे आणि स्तूपाच्या पुनर्रचनेचे काम हाती घेतले आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. पण सरकारी कामाला लोकांचे लक्ष असले तरच वेग येतो. चंद्रलेच्या दर्शनास दरवर्षी जी कुटुंबे जातात त्यांनी आपल्या यात्रेत एक तास वाढवावा. ओटी भरून झाली, प्रसाद घेतला, की मुलाबाळांना घेऊन ३ किलोमीटर पुढे कनगनहळ्ळीस जावे. सातकर्णीच्या हातातील रुप्याची कमळे त्यांना दाखवावी. बौद्धांचे स्थान म्हणून आपण तेथे परके ठरत नाही, आणि तेथून सन्नतीस येणारा बौद्ध यात्रेकरूही देवीच्या दारी परका ठरू नये.

गाणगापुराहून परतणाऱ्या वाचकाने पुढच्या खेपेस परतीची गाडी एक दिवस पुढे ढकलावी आणि भीमेबरोबर थोडे खाली जावे. एकमेकांचा धर्म ऐकून घ्यावा असे सांगणारी शिळा कित्येक शतके आपल्याच देवीने आपल्या पायाशी सांभाळली होती. आता ती उजेडात आली आहे. तिची काळजी वाहण्याची पाळी आता भक्तांची आहे.